कोरमपुरत्या वहिनी

"वहिनी, निघालात की नाही? सगळे खोळंबलेत तुमच्यासाठी."

वहिनींनी फोन कानाखांद्यात दाबून धरला होता आणि दोन्ही हात शाळेच्या एका पँटच्या दुमडीत गुंतले होते. बोलायला तोंडही मोकळं नव्हतं, ओठांत टाचण्या होत्या. "हं," एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडे संस्थेचे चिटणीस असलेल्या वकिलांना तेवढं पुरलं. आजवर पुरतच आलं होतं.

समोरच्या मशीनवर मुलगी शर्टाला कॉलर लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आलं वाटतं बोलावणं विश्वस्त बाईंना?"

"पाच जण लागतात. चारच आलेत."

"म्हणजे डोकी मोजायला. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून."

"तुझ्या बाबांची संस्था आहे ती."

"होती," मुलगी म्हणाली आणि तिने दोरा दातांनी तोडला.

वहिनींनी टाचण्या डबीत टाकल्या, चपला घातल्या आणि निघाल्या. गळ्यातली टेप काढायची राहून गेली.

खरं सांगायचं तर वहिनींना वन्यप्राण्यांचा लळा असा कधी नव्हताच. लळा होता तो त्यांच्या नवऱ्याला. तो वायरमन. दिवसभर खांबांवर चढायचा, आणि तारेला चिकटून अर्धमेलं झालेलं एखादं वटवाघूळ संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून घरी घेऊन यायचा. "लोकांचे नवरे येताना फुलं आणतात, आमच्याकडे हे येतं," असं वहिनी शेजारणीला सांगत. मग तो आर्जवं करायचा. एक पिशवी शिवून दे, मऊ फ्लॅनेलची, अंधार लागतो त्यांना. आणि शिवण बाहेरच्या बाजूला घे. वहिनी फणकारायच्या, "उलटी पिशवी शिवू? लोक म्हणतील शिंपीण शुद्धीवर नाही." आणि शिवून द्यायच्या.

पुढे त्याच्यासारखेच आणखी काही जण गोळा झाले, संस्था झाली, कालव्यापलीकडचं बंद पडलेलं पंपघर आणि भोवतीचं रान संस्थेला मिळालं. पंपघराच्या छताला वटवाघळांची सगळी वसाहत लटकलेली. नवऱ्याला वाटलं, संस्थेच्या कागदांवर वटवाघळाचं चित्र असावं. बाकीचे म्हणाले, देणगीदार पळून जातील. मग वाघ छापला. त्या भागात वाघ फक्त त्या कागदावरच होता. संस्थेने आजवर वाचवलेला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे एक उदमांजर, आणि तेही वाचवणाऱ्याला चावून पळालेलं.

नवरा गेल्यावर त्याच्या जागी वहिनींना घेतलं. "घरचंच माणूस हवं," असं तेव्हा अध्यक्ष गहिवरून म्हणाले होते. नंतर वहिनींच्या लक्षात आलं की सात विश्वस्तांपैकी एक मुलाकडे परदेशी जाऊन राहिले होते, एकाने अंथरूण धरलं होतं, आणि पाच जमल्याशिवाय कोरम होत नव्हता. वहिनी जायच्या, सही करायच्या, चहा प्यायच्या. प्रत्येक विषयानंतर अध्यक्ष विचारायचे, "सर्वानुमते ना?" आणि स्वतःच म्हणायचे, "सर्वानुमते." हात वर करायची वेळ कुणावर कधी आलीच नाही.

आज मात्र वहिनींना काही विचारायचं होतं. काल संस्थेच्या रानाचा राखणदार त्यांच्या शिवणाच्या दुकानाच्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला होता.

"ताई, माणसं येऊन पंपघराची मोजमापं घेऊन गेली. रविवारी धूर करणार म्हणाली."

"धूर कशाला?"

"वटवाघळं घालवायला. ताई, पिल्लं आहेत हो आत. आत्ताच झालेली, उघडीनागडी. आया उडून जातील. पिल्लांना कुठे उडता येतंय?"

"मग सभेत येऊन सांग ना."

"मला कोण घेतंय सभेत? मी पगारी माणूस." तो जायला वळला आणि सहज म्हणाला, "तुम्ही आहात की."

ते 'तुम्ही आहात की' रात्रभर वहिनींच्या उशाखाली खड्यासारखं टोचत राहिलं.

सभा नेहमी खजिनदारांच्या औषध दुकानावरच्या माळ्यावर व्हायची. खोक्यांच्या थप्प्या, त्यांतून येणारा खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास, मधे प्लास्टिकच्या पाच खुर्च्या. भिंतीवर वाघ. अध्यक्ष म्हणजे निवृत्त साहेब. कुठल्या खात्याचे हे कुणी विचारत नसे, साहेबपणा अंगावर पुरेसा दिसत होता. त्यांच्या उजव्या हाताला चिटणीस वकील, डावीकडे खजिनदार, आणि कोपऱ्यात प्रोफेसर. प्रोफेसर दुसऱ्या विषयाला झोपत आणि आभाराला उठत.

"या वहिनी! टेप घालून आलात? आज आमची मापं काढता की काय?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. वहिनीही हसल्या, सवयीने.

पहिले दोन विषय सर्वानुमते झाले. तिसरा वकिलांनी वाचला. पंपघराची आतील जागा रिकामी करून तिथे निसर्ग माहिती केंद्र उभारणे. भिंतींवर प्राण्यांची रंगीत चित्रं, बटण दाबलं की पक्ष्यांचे आवाज. केंद्राला देणगीदारांच्या मातोश्रींचं नाव.

"देणगीदार कोण?" वहिनींनी विचारलं.

त्यांचा आवाज त्या माळ्यावर इतका अनोळखी होता की वकिलांनी आधी खजिनदारांकडे बघितलं.

"आमचे व्याही," अध्यक्ष म्हणाले. "भला माणूस. मागे लागून देतोय."

"नातं असलं की त्या विषयापुरतं बाहेर बसायचं, असा नियम आहे ना? आमचे हे सांगायचे मला."

अध्यक्षांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. वकील खाकरले. "नियम आहे खरा, वहिनी. पण साहेब बाहेर गेले तर चारच उरतील. कोरम मोडेल. सोयीसाठी आपण..."

"बरं. मग दुसरं विचारते. आत पिल्लं आहेत. त्यांचं काय?"

"कसली पिल्लं?"

"वटवाघळांची. ज्यांच्यासाठी संस्था काढली."

"अहो, थोडा धूर केला की मोठी आपोआप निघून जातात," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "कुणाला काठी लावायची नाहीये."

"आणि लहान?"

खालच्या दुकानात कुणीतरी मलम मागत होतं, ते स्पष्ट ऐकू आलं. शेवटी खजिनदार चष्मा पुसत म्हणाले, "साफसफाई ठेकेदाराकडे आहे."

साफसफाई. वहिनींच्या कानशिलांतून वाफ निघाली. "दोन महिने थांबा. उडायला लागतील ती. मग काय ते बांधा."

"उद्घाटनाची तारीख दिलीय पाहुण्यांना. वहिनी, भावनेच्या भरात जाऊ नका. शेवटी वटवाघळंच ती."

"मग संस्था कुणासाठी आहे आपली? कपबश्यांसाठी?"

"वहिनी!" अध्यक्ष दुखावले. "या संस्थेत आजवर एकही ठराव बहुमताने झालेला नाही. कुटुंब आहे हे. तर मग, सर्वानुमते?"

"नाही."

प्रोफेसर जागे झाले.

वहिनी वकिलांकडे वळल्या. "मघाशी काय म्हणालात? एक माणूस उठला तरी कोरम मोडतो?"

"म्हणजे... नियमाने, हो."

वहिनींनी पर्स उचलली. "बसा हो वहिनी, चहा येतोय!" असं खजिनदार म्हणेपर्यंत त्या निम्मा जिना उतरल्या होत्या.

दुकानाच्या पायरीवर त्या धपकन बसल्या. आतून हसू फुटत होतं. इतकी वर्षं ज्यासाठी बोलावलं, तेच काढून घेतलं की! खुर्चीच ओढून घेतली त्यांच्या खालून. मुलीला सांगायला हवं. नवऱ्यालाही सांगितलं असतं. औषध घ्यायला आलेल्या एका बाईने विचारलं, "चक्कर आली का हो?" वहिनी म्हणाल्या, "नाही हो, बरं वाटतंय."

मागून वकील आले आणि अवघडून बाजूला उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला रागावता तरी येतं.

"वहिनी, वर या. उगाच..."

"मोडली ना सभा?"

"तहकूब झाली. अर्ध्या तासाने पुन्हा भरेल, इथेच. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. नोटिशीत दर वेळी खाली लिहिलेलं असतं ते."

वहिनींनी दर वेळी नोटीस घडी घालून मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सारली होती.

"हे कुणाचं डोकं?"

वकिलांनी रस्त्याकडे बघितलं. "दादांचंच. तुमच्या यजमानांचं. सुरुवातीला कुणी सभेला यायचंच नाही. जनावर तडफडत पडलेलं आणि कोरम नाही म्हणून पिंजऱ्याचा ठराव अडलेला. दादा संतापले होते. म्हणाले, माणसं आली नाहीत म्हणून जनावरानं मरायचं का? हट्टाने घालायला लावलं कलम."

दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवलेली ताटली, आणि तिच्यातूनच मांजराने दूध प्यावं, तसं काहीतरी झालं होतं. त्या भल्या माणसाने कळवळून केलेला नियम आता वर खुर्चीत पाय पसरून बसला होता.

"वर काय करतायत सगळे?"

"चहा घेतायत. अर्धा तास व्हायची वाट बघतायत."

"आणि मी नसले तर काय लिहाल?"

वकिलांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "सर्वानुमते."

वहिनी उठल्या, पदराला लागलेली धूळ झटकली आणि जिना चढल्या.

त्यांना पाहून अध्यक्षांचा चेहरा उजळला. "आलात! मला खात्री होती. राग गेला ना?"

"राग कुठे जाणार? त्याला बसायला जागा हवी म्हणून आले." वहिनी आपल्या खुर्चीत बसल्या. "ठराव नीट लिहा. 'आतील जागा रिकामी करून' म्हणजे काय ते लिहा. धूर करून पिल्लं मारून, असं."

"असं कुठे लिहितात का!" खजिनदार कळवळले.

"जे करायला चालतं ते लिहायला का चालत नाही?"

"मी हे लिहू देणार नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा साहेबी आवाज पहिल्यांदाच चिरकला.

"नका लिहू. मग हात वर करा. एकेकाने. मला बघायचेत. आणि माझा विरोध लिहा, तेवढा तरी लिहिता येतो ना?"

कुणी हलेना. हात वर करणं म्हणजे इतकं जड काम असेल असं त्या माळ्यावर कुणाला वाटलं नव्हतं. आधी अध्यक्षांचा हात गेला, ताठ, छडीसारखा. खजिनदारांचा कानापर्यंत पोचला आणि तिथेच खाजवल्यासारखा थांबला. वकिलांनी उजव्या हाताने लिहिता लिहिता डावा उचलला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. प्रोफेसरांनी दोन्ही हात गुडघ्यांत दाबले होते. "मला तटस्थ लिहा," ते पुटपुटले. ही त्यांच्या परीने क्रांती होती.

वहिनी तिन्ही हातांकडे टक लावून बघत राहिल्या, ते आपोआप खाली येईपर्यंत.

"ठराव मंजूर," अध्यक्ष म्हणाले. पुढचा शब्द लिहिताना वकिलांचं पेन अडखळलं. 'बहुमताने' लिहायची त्याला सवय नव्हती.

"पुढच्या सभेला याल ना वहिनी?" अध्यक्षांनी दारापर्यंत येऊन विचारलं. आवाज पुन्हा मऊ झाला होता.

"येणार की. दर वेळी येणार. आणि दर वेळी हात वर करायला लावणार." त्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटांवर गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

वहिनींच्या दुकानापाशी राखणदार वाट बघत उभा होता. वहिनींचा चेहरा पाहून त्याने विचारायचं टाळलं. पण वहिनींनीच सांगितलं, "हरले रे."

"तुम्ही बोललात तरी."

"बोलून काय कप्पाळ झालं? पंपघराची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडेच."

"मग ऐक. शनिवारी संध्याकाळी आया बाहेर पडल्या की आत जा. हाताला लागतील तेवढी उतरव आणि इकडे घेऊन ये. कुणी विचारलं तर विश्वस्त बाईंनी सांगितलं म्हण."

"ताई, आईवाचून जगतील का ती?"

वहिनींची नजर फळीवरच्या कापडांकडे गेली. "हे असते तर काही जगवली असती. ड्रॉपरने दूध पाजत रात्र रात्र बसायचे. मी तेव्हा दिवा बंद करा म्हणून ओरडायचे. मला नाही येत त्यातलं काही. पण धुरात तरी नाही मरणार. अंधारात, उबेत राहतील."

तो मान हलवून गेला. वहिनींनी फळीवरून फ्लॅनेलचा तागा ओढला, टेबलावर पसरला आणि कात्री घेतली. हा तागा एका गिऱ्हाइकाच्या मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी आणलेला होता. ते गिऱ्हाईक ओरडणार होतं, ओरडू दे.

मुलगी मशीन थांबवून सगळं ऐकत होती. तिने अर्धवट लागलेली कॉलर सुईखालून काढली, शर्ट बाजूला ठेवला, आणि दोऱ्याचं रीळ बदलायला घेतलं.

"किती शिवायच्यात?"

"कापड संपेपर्यंत."

मुलीने पहिला तुकडा उचलला, घडी घातली आणि सुईखाली सरकवला. चाकावर हात ठेवणार, तेवढ्यात वहिनींनी तो काढून घेतला आणि उलटा करून परत दिला.

"शिवण बाहेरच्या बाजूला घे," त्या म्हणाल्या. "आतून टोचायला नको."