येतो म्हणालाय

माझे बाबा खोटं बोलत नाहीत, फक्त अंतरं कमी करून सांगतात. मी परदेशात शिकते ते गाव म्हणजे एक विद्यापीठ, दोन दुकानं आणि एक पूल. राजधानीपासून आगगाडीने तीन तास. बाबांनी ते आधी 'राजधानीजवळ' केलं, मग 'राजधानीला लागूनच' केलं, आणि माझं पहिलं वर्ष संपेपर्यंत नातेवाइकांच्या समजुतीत मी थेट राजवाड्यामागच्या गल्लीत राहायला गेले होते.

हे सगळं मोठ्या काकांमुळे. मोठे काका म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर तराजू तपासून त्यांना माणसं तोलायची खोड लागली. माझे बारावीचे मार्क ऐकून ते भर पंगतीत म्हणाले होते, "पोरगी मापात कमी भरली." त्यांचा मुलगा मात्र कायम मापाबाहेर. तो याच राजधानीत मोठ्या हुद्द्यावर आहे. घरात त्याला सगळे साहेबच म्हणतात, सख्खी आईसुद्धा. या साहेबाने दीड वर्षात मला एकदाही फोन केला नाही, म्हणून तर बाबांची थाप टिकली.

मग काका एका सहल कंपनीबरोबर इकडे आले आणि त्यांच्या कार्यक्रमात राजधानीत एक मोकळा दिवस निघाला. बाबांचा फोन आला.

"दादाला तुझी राजधानी दाखव."

"बाबा, मी राजधानी पाहिलेली नाही."

"मग पाहून घे. गाडीत तीन तास असतात, नकाशा पाठ कर."

"साहेब दाखवेल की."

"साहेबाला कामं असतात. तू काय, नुसती शिकतेस." मग आवाज एकदम खाली आला. "हे बघ, त्याला कळलं ना, तर तो मला चार माणसांत उभा सोलेल. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दर तासाला फोटो पाठवत जा, म्हणजे माझ्या जिवात जीव राहील."

आता बापाची अब्रू म्हटल्यावर काय करणार? सकाळच्या पहिल्या गाडीत बसून मी नकाशा घोकला. पुढे परीक्षेत होतं तेच झालं. घोकलं होतं तेवढं सोडून बाकी सगळं आलं.

काका हॉटेलच्या लॉबीत दाराकडे तोंड करून बसले होते. कोट, टाय, भांग एकदम सरळ. मी वाकून नमस्कार केला तर ते माझ्या खांद्यावरून दाराकडेच बघत होते.

"निघायचं ना काका?"

"थांब जरा. साहेब येणार आहे."

अकरापर्यंत आम्ही तसेच बसलो. काचेचं दार उघडलं की काका अर्धे उठत आणि आत आलेला माणूस परका निघाला की टाय नीट करून पुन्हा बसत. शेवटी तेच म्हणाले, "चल, पण फार लांब नको. तो आला आणि मी नसलो तर त्याचा खोळंबा होईल."

मला तर हायसंच वाटलं. अख्ख्या शहराऐवजी चार गल्ल्यांपुरतंच खोटं बोलायचं होतं.

पहिल्याच गल्लीत खांबांची, पायऱ्यांची एक भारदस्त इमारत दिसली. मी ठोकून दिलं, "हे इथलं संग्रहालय. मी नेहमी येते." आत गेलो. काकांनी दाराशीच यंत्रातून एक चिठ्ठी फाडून घेतली आणि रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. वीस मिनिटांनी आमचा नंबर लागला आणि खिडकीतल्या माणसाने आमच्याकडे घरपट्टीचा कागद मागितला. मी काकांना दंडाला धरून बाहेर काढलं. "आज जुन्या वस्तूंचा विभाग बंद आहे," असं काहीतरी मी पुटपुटले. काका म्हणाले, "हरकत नाही. शिस्त बघण्यासारखी होती."

मग घड्याळाचा मनोरा. काकांनी खिशातलं घड्याळ काढून पडताळलं आणि मनोरा चार मिनिटं मागे असल्याचा निकाल दिला. मग नदी. नदीत दोष काढता येईना, तेव्हा कठड्याची उंची कमी ठरवली. मी दर ठिकाणी आमचा दोघांचा फोटो काढून बाबांना पाठवत होते. एकाही फोटोत काका कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. प्रत्येक ठिकाण झालं की, "हॉटेलवर एक चक्कर टाकू." असे आम्ही चार वेळा परत गेलो. चौथ्या वेळी रिसेप्शनवरच्या बाईने आम्हाला बघूनच मान हलवली, आमच्या तोंडून प्रश्नसुद्धा येऊ दिला नाही.

तीनच्या सुमाराला बागेतल्या बाकावर बसलो तेव्हा माझा धीर सुटला.

"काका, तो नक्की किती वाजता येणार आहे?"

"वेळ नाही सांगितली. काल संध्याकाळी भेटून गेला ना हॉटेलवर. दहा मिनिटं बसला. बसला म्हणजे, उभाच होता. गाडी भलत्याच जागी लावली होती त्याने. निघताना म्हणाला, येतो."

"येतो?"

"येतो बाबा, असं म्हणाला. स्वच्छ ऐकलं मी."

आपल्यात निघताना कोण 'जातो' म्हणतं? ते अशुभ. दहा वर्षांसाठी चाललेला माणूसही उंबऱ्यावर 'येतो' म्हणतो आणि उधारी बुडवून पळणाराही 'येतो' म्हणूनच पळतो. काकांनी सत्तर वर्षांत हा शब्द हजारदा ऐकला असेल, हजारदा म्हटला असेल. पण दुसऱ्याचं काटेकोर मोजणारा माणूस स्वतःच्या पोराच्या बाबतीत पारडं असं दाबून धरतो, हे मला पहिल्यांदाच दिसलं. मला त्यांची दया आली. आणि ज्या माणसाचा वर्षानुवर्षं राग केला त्याचीच दया करावी लागतेय, म्हणून आणखी राग आला.

पाणी आणते असं सांगून मी झाडामागे गेले आणि साहेबाला फोन लावला.

"अगं, काल भेटलो की मी त्यांना," साहेब म्हणाला. मागे हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. "व्यवस्थित निरोप घेतला, येतो म्हणून सांगितलं. आज आमच्या ऑफिसची सहल आहे. तू आहेस ना तिथे? मग झालं तर."

त्याला जे बोलायला हवं होतं ते सगळं मला फोन ठेवल्यावर सुचलं. परत आले तर काका म्हणाले, "तुझी गाडी कितीची आहे?"

"कसली गाडी?"

"परतीची. सकाळपासून सहा वेळा नकाशा काढलास, त्यात दोनदा उलटा धरलास. आणि माझी दृष्टी अधू झाली असली तरी घरपट्टीचं ऑफिस मला ओळखू येतं."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. मी सगळं कबूल केलं, गावाच्या नावासकट. "पण काका, घरी सांगू नका. बाबांचं हसं होईल."

"बघू," काका म्हणाले. आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे काय, ते मला लहानपणापासून माहीत आहे.

पाच वाजता आम्ही लॉबीत परतलो. काका पुन्हा दाराकडे तोंड करून बसले, आणि त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. पलीकडे बाबा होते आणि त्यांनीही स्पीकर लावला होता.

"दादा, आम्ही सगळे जमलोय इथे. वहिनी आहेत, ताई आहे. सांग, काय काय पाहिलंस? कुणी दाखवलं?" बाबांचा आवाज नुसता उतू चालला होता. पोरीचं कौतुक भावाच्या तोंडून, तेही भरल्या घरात ऐकायचं, यासाठीच सगळ्यांना गोळा केलं होतं त्यांनी.

काका तोंड उघडणार तोच काकू मध्ये पडल्या. "अहो, साहेब भेटला का?"

काका एकदा दाराकडे बघून म्हणाले, "भेटला का म्हणजे? दिवसभर माझ्याबरोबर होता. रजा काढली त्याने. संग्रहालय दाखवलं, मनोरा दाखवला, नदीवर नेलं."

"जेवला का नीट?"

"जेवला. जरा बारीक झालाय."

मी समोर उभी होते आणि मी काही बारीक झालेले नाही. तिकडून आत्याचा आवाज आला, "आणि आमची राजधानीवाली कुठे गेली? ती नाही आली?"

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. निरीक्षकाचीच नजर, पण या वेळी तिला धार नव्हती. "ती कशी येणार? ती राजधानीत राहतच नाही. गाडीने तीन तास लागतात तिच्या गावाहून."

माझी कानशिलं तापली. दिवसभर पाय मोडले माझे, पुण्य लागलं साहेबाच्या नावावर, आणि बाबांचं पितळ भरल्या घरात उघडं पडलं. पण बाबांच्या हातातल्या फोनमध्ये माझे आणि काकांचे सात फोटो होते. त्यांनी नुसता फोन फिरवून दाखवला असता, तरी काकांना या वयात बायकोसमोर खोटं पडावं लागलं असतं. आयुष्यभराची परतफेड एका बोटाच्या अंतरावर होती आणि बाबा ती सोडणार नाहीत, अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

"खरं आहे, लांबच आहे ते," बाबा म्हणाले. "मीच आपलं उगाच जवळ म्हणत होतो."

आत्या हसली. आणखी कुणीतरी हसलं. बाबांनी त्यांना हसू दिलं.

"साहेबाने फिरवलं ते फार बरं झालं, दादा," ते म्हणाले. "वहिनी सकाळपासून विचारत होत्या."