मधेच तुटलेली रेघ

मी एक जुनी रेघ आहे. हसू नका मित्रांनो. घोडा, छत्री, खुर्ची असली मंडळी आपली कहाणी सांगतात तेव्हा कान देऊन ऐकता, मग मीच काय घोडं मारलंय? मी कॉम्प्युटरमधली रेघ. चौकोनांच्या तक्त्यात माणसं आकडे भरतात, त्या आकड्यांवर पाय देत मी चढते आणि उतरते. मला स्वतःचं डोकं नाही. ज्यांना आहे असं म्हणतात त्यांनी ते कसं चालवलं, ते सांगते.

माझा जन्म नारिनच्या डोंगरातल्या एका गावच्या दवाखान्यात झाला. दवाखाना म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि दमिरा एजे. एजे म्हणजे थोरली ताई. तिच्याहून म्हातारी माणसंही तिला एजेच म्हणायची. गावातली तान्ही पोरं ती दर महिन्याला काट्यात घालायची आणि वजन तक्त्यात लिहायची. जाझगुलला पोरगी झाली, बेगाइम, आणि तिच्या पहिल्या वजनाबरोबर मी झाले. दूध प्यायची ती, चढायची मी.

"काय गं, पोर जन्माला घातलंस की भोपळा?" एजे जाझगुलला म्हणायची आणि मला आणखी एक पायरी वर चढवायची. ते माझे सुखाचे दिवस.

मग उन्हाळा आला आणि गाव जैलूवर गेलं, वरच्या कुरणांत. घोड्या, मेंढ्या, लोकरीचे तंबू, तान्ही पोरं, सगळं वर. घोडीचं दूध काढायचं काम बाईचं, आणि ते दिवसातून एकदा काढून भागत नाही. त्याचं कुमिस, म्हणजे आंबवलेलं आंबटसर पेय, होतं ते तिथंच. काटा मात्र खाली खोलीत खिळ्याला लटकलेला. एजेने काय केलं? पुढचे चौकोन रिकामे सोडले. "बघितलं नाही ते कसं लिहू?" म्हणाली आणि चहा ओतून घेतला.

रिकाम्या चौकोनापाशी मी थांबते. मधे मोकळं राहतं. त्याची मला लाज वाटत नाही.

लाज वाटली ती जिल्ह्याच्या कचेरीतल्या ओमुरबेकला. कडक इस्त्रीचा शर्ट, टेबलावर ओळीने लावलेली पेनं, आणि त्यांच्यामागे बसलेला हा दीडशहाणा. राजधानीतून तपासणीची माणसं येणार होती. "हे बघा, रेघ मधेच तुटलीय! फाटक्या पायजम्यासारखं दिसतंय," असं स्वतःशीच म्हणाला आणि रिकाम्या चौकोनांत शून्य भरत सुटला. झालं, आवरलं.

अरे, शून्य म्हणजे काय? पोर काट्यात घातलं, डोळ्यांनी बघितलं आणि काटा हललाच नाही, ते शून्य. रिकामं म्हणजे कुणी बघितलंच नाही. बादलीत दूध नसणं वेगळं आणि बादली अजून आलेलीच नसणं वेगळं, हे शेळीच्या करडालाही कळतं. कचेरीतल्या माणसाला नाही कळत.

मी धाडकन जमिनीवर आपटले. एवढी गुटगुटीत पोरगी, वजन शून्य किलो! जैलूवर गेलेल्या एकूण एक पोराची रेघ माझ्या शेजारी येऊन पडली. खाली घसरलेली रेघ कॉम्प्युटर आपोआप लाल करतो. एवढं लाल बघून साहेब घाबरले आणि हुकूम निघाला: ही पोरं आयांसकट खाली आणा, इस्पितळात ठेवा. आकडा कुणी वाचलाच नाही, वाचला तो रंग. शून्य किलोचं पोर दिसतं कसं, असा प्रश्न अख्ख्या कचेरीत एकालाही पडला नाही. पगार मात्र सगळ्यांना वेळेवर.

आया खाली गेल्या तर घोड्यांचं दूध काढणार कोण? आणि उन्हाळ्याच्या दुधावरच तर हिवाळा काढायचा असतो.

मला कागदावर छापलं आणि ओमुरबेक मला घेऊन गाडीत बसला. वाटेत दमिरा एजेला घेतलं. तिने कागद बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि काटा मांडीवर घेऊन बसली.

वर पहिलाच तंबू जाझगुलचा. ती घोडीपाशी बसलेली, हात दुधाने ओले. ओमुरबेकने हुकूम वाचून दाखवला. जाझगुलचा चेहरा उतरला.

"मी पोरीला उपाशी ठेवते म्हणता?"

"मी नाही म्हणत हो, रेघ म्हणते," ओमुरबेक म्हणाला.

मी म्हणते! चोरी याची आणि नाव माझं.

तंबूतून सासू बाहेर आली, उरुमकान आपा. "किती वजन म्हणालास बाळा?"

"शून्य, आपा."

"अस्सं. मग तुझी पँट कोण ओढतंय, वारा?"

खाली बेगाइम उभी होती. एका हातात त्याची पँट, तोंडात दगडासारखा सुकवलेला दह्याचा गोळा, लाळ थेट त्याच्या बुटावर.

"पण आपा, कागदावर तर..."

"कागद धर तू. मी पोर धरते. बघू आधी कुणाची कंबर मोडते!"

आपाने खिशातून एक दोरी काढली. काळ्या-पांढऱ्या लोकरीची, मधोमध कापलेली. आमच्याकडे पोर पहिलं पाऊल टाकतं तेव्हा त्याच्या पायांना अशी दोरी बांधतात, मोठ्या पोरांची शर्यत लावतात आणि जिंकेल तो ती कापतो. "गेल्या आठवड्यात कापली. शून्य किलोच्या पायांना बांधली होती होय रे?"

शेजारच्या तंबूतल्या बायका हसायला लागल्या. एजेने काटा तंबूच्या दाराला अडकवला आणि पोरीला घातलं. दहा किलोच्या वर! एकेक करत सगळ्या तंबूंतली पोरं लटकली आणि काटा करकरत राहिला. मग हुकुमाच्या कागदावरच "आया इथंच राहतील" असं ओमुरबेकने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. जाझगुल वळून घोडीपाशी गेली.

पण खोड जाते कुठे! कचेरीत परतल्यावर त्याने शून्यं पुसली आणि मला मे महिन्यातून उचलून सरळ ऑगस्टमध्ये नेऊन जोडलं. जणू पोरगी फूटपट्टीने वाढली! एजेने फोनवरून खडसावलं, "मधलं तू बघितलंस का? नाही ना? मग हात काढ." त्याने हात काढला.

आता बेगाइम शाळेत जाते. मी त्याच जुन्या तक्त्यात पडून आहे. मला कुणी उघडत नाही, आणि कुणी उघडलंच तर म्हणतं, ही मधेच तुटलीय वाटतं. म्हणू दे.

मित्रांनो, ठाऊक नसेल ती जागा मोकळी सोडा. दिसायला वाईट दिसली तरी सोडा. माझ्या मधे जी मोकळी जागा आहे, तिथंच तर त्या पोरीच्या पायातली दोरी कापली.