‘वराटा’ नौकेतलं जुनं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. ‘वराटा’ नावाच्या शिडाच्या नौकेत माझा जन्म गेला. गोड गोड काही ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, मी मत्सरी आहे. माझ्याइतकं जळणारं लाकूड अख्ख्या टास्मानियात चुलीतसुद्धा सापडणार नाही.

ह्युऑन नदीच्या काठी, आताची मालकीण नेरिडा हिच्या आजोबांनी ही नौका बांधून घेतली, तेव्हा तिथल्याच पाइनच्या पिवळ्या, सुवासिक लाकडातून मला घडवलं. माझ्यावर नकाशे पसरले गेले, पत्ते कुटले गेले, शर्यत हरल्यावर मुठीही आपटल्या गेल्या. वादळात आजोबा माझ्या कडेला घट्ट धरून बसायचे आणि म्हणायचे, "हे आहे म्हणून मी आहे." असं कौतुक झालं की कोणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरलं.

पुढे आजोबा गेले आणि नौका बंदरात नुसती उभी राहिली. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने आमचं फारसं काही बिघडत नाही. आम्हाला कुजवतं ते पावसाचं पाणी. माझ्या डोक्यावर छताला फट पडली, ती कोणी बुजवली नाही. कित्येक हिवाळे पाणी माझ्या एका बाजूवर ठिबकत राहिलं आणि ती बाजू मऊ पडली.

मग नेरिडाने नौका रुळांवरून ओढून किनाऱ्यावर घेतली. आतली केबिन तिला आजोबांच्या वेळी होती तशी हवी होती. त्यासाठी तिने केल्विनला बोलावलं. केल्विन नौकांचा सुतार, हाताने सफाईदार आणि तोंडाने फटकळ. त्याने आतलं सगळं सुटं करून शेडमध्ये आणलं. बिछान्यांच्या फळ्या, कपाटांची दारं, पितळी दिवा आणि मी. त्याने माझ्या मऊ बाजूवर अंगठा दाबला, तो सरळ आत गेला.

"हे गेलं," तो म्हणाला. "बिस्किट झालंय. चहात बुडवून खा."

"आजोबांचं आहे रे ते."

"असेल. पण जेवण सांडलं तर पुसायला आजोबा येणार नाहीत. नवं करतो."

मला भिंतीला टेकवून ठेवलं. बाकीचे एकेक करून घासूनपुसून, तेल पिऊन केबिनमध्ये परत गेले. दारांचं मला काही वाटलं नाही. पण तो दिवा जन्मभर काजळी ओकला, आणि नेरिडा त्याला मांडीवर घेऊन चकाकवत बसली. माझा नुसता तिळपापड झाला.

मग नवं टेबल आकाराला आलं. आमच्या जातीची झाडं आता कोणी तोडत नाही. केल्विनकडे त्याच्या वडिलांनी जपलेली एकच फळी उरली होती, ती त्याने याच्यासाठी काढली. माझी एक बाजू नवी करायला तिचा तुकडा पुरला असता. येणारेजाणारे नव्या टेबलाच्या गुळगुळीत पाठीवरून हात फिरवायचे आणि आपले ओले कोट माझ्यावर टांगायचे. मी दिवसभर एकच मागायचो, हे तडकू दे.

ते तडकलं नाही. पण नौकांचा मेळा तोंडावर आला होता आणि केल्विन घाईत होता. नवं टेबल बसवायला तो सपाटी तपासायची पाणसळ खिशात घालून नौकेत चढला, तेव्हाच मी मनात म्हटलं, आता बघा गंमत. नौका रुळांच्या चढावर नाक वर करून उभी होती. अशा नौकेत पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणून काही बसवायचं नसतं. घाईत त्याने नेमकं तेच केलं.

नौका पाण्यात उतरली, सरळ झाली आणि टेबल पुढे कललं. ती शेडसमोरच्याच धक्क्याला होती. नेरिडाची मैत्रीण मॉइरा चहाला आली होती. त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"केल्विन, माझा कप कुठे निघाला?" मॉइराने विचारलं.

"पिऊन टाक, म्हणजे नाही जाणार."

"केकही चाललाय त्याच्यामागे."

मग नेरिडाचा आवाज आला. "पाणसळ लावलीस? चढावरच्या नौकेत?"

केल्विन म्हणाला, "हे गावात कोणाला सांगू नका."

"छे, गावात कशाला," मॉइरा म्हणाली. "मेळ्यात भोंग्यावरून सांगते."

मित्रांनो, इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. आता ते नवं टेबल बाहेर येणार आणि मी आत जाणार.

"मागचा पाय काप ना," नेरिडा म्हणाली.

"कापला तर टेबल मांडीवर येईल. पुढचा वाढवायला हवा, चांगला चार बोटं. पण फळी संपली."

थोड्या वेळाने दोघं शेडमध्ये आले. केल्विनने माझ्यावरचे कोट उचलले आणि माझ्या धड बाजूवर रंधा फिरवला. नेरिडाने वाकून वास घेतला. मला वाटलं, आलेच मला न्यायला.

"अजून तसाच येतो," ती म्हणाली. तिचा हात माझ्यावरून निघत नव्हता. "काप. पण चांगला तुकडा एकही वाया घालवू नकोस."

माझी कुजकी बाजू शेगडीत गेली. धड बाजूचे तुकडे एकावर एक चिकटवून केल्विनने ठोकळा केला आणि नव्या टेबलाच्या पुढच्या पायाखाली बसवला. ज्याच्यावर जळत आलो, त्याच्याच पायाखाली मी आलो.

मेळ्याच्या दिवशी वारा सुटला. नौका कलली, तशी नव्या टेबलाला थरथर सुटली. त्याने समुद्र पाहिलाच नव्हता. "खाली मी आहे, टाक भार," मी म्हणालो. प्रेमाने नाही, चिडूनच म्हणालो. त्याने सगळा भार माझ्यावर टाकला. वरचे कप जागचे हलले नाहीत. वाहवा त्याची झाली आणि मला पुन्हा पोटात दुखलं, पण मी तसूभरही सरकलो नाही.

तेव्हा मित्रांनो, घरात नवी वस्तू आणाल तेव्हा तिचे लाड जरूर करा. फक्त जुनीला भिंतीशी उभी करून तिच्या डोळ्यांदेखत करू नका. तिला सगळं दिसत असतं, आणि तोंड फिरवायचं म्हटलं तरी तिला फिरवता येत नाही.