पडद्याच्या अलीकडे

नववीच्या मुलींना देहाचा अर्थ शिकवायचं काम विज्ञानाच्या बाईंच्या गळ्यात पडलं, ते मुख्याध्यापिका सिस्टरांमुळे. धर्मशिक्षणाच्या तासाला नवीन पुस्तक लागलं होतं, 'देह आणि नाती' नावाचं. ते फादरांनी शिकवायचं म्हटलं तर मुली मान वर करणार नाहीत आणि फादरही करणार नाहीत, असं सिस्टरांचं सरळ म्हणणं. "तुम्ही बेडूक फाडून दाखवता, तेव्हा तुमचा हात थरथरत नाही," त्या म्हणाल्या. "हे त्याहून सोपंच असेल." सिस्टरांच्या कवळीतून 'स' निसटला की बारीक शीळ यायची, म्हणून मुलींनी त्यांचं नाव शिट्टी ठेवलं होतं. शिट्टी वाजली की शाळेत कुणी नाही म्हणत नसे. बाईंनीही म्हटलं नाही.

बाई सेहेचाळीस वर्षांच्या. लग्न केलेलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची आई, दोघीच. पुस्तक त्यांनी आधी नाइलाजाने उघडलं आणि मग दोन दिवसांत वाचून संपवलं. त्यांच्या लहानपणी जुन्या सिस्टर सांगायच्या, अंघोळ लवकर आटपावी, स्वतःच्या अंगाकडे बघत बसू नये. या पुस्तकात वेगळंच होतं. देह म्हणजे आत्म्यावर चढवलेलं वेष्टण नव्हे, देह म्हणजे तो माणूसच, असं त्यात म्हटलं होतं. देवाने माणूस घडवला तो देहासकट, आणि घडवून झाल्यावर चांगला आहे म्हणाला. हात हातात घेणं, मिठी मारणं, पोर पोटात वाढवणं, नवरा-बायकोनं एकमेकांजवळ येणं, हे सगळं देहाचं बोलणं आहे आणि ते खरं असायला हवं. बाईंना ते पटलं. इतक्या वर्षांत कुणी आपल्याला हे सांगितलं कसं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

वर्गात पहिले दोन तास खुसखुस चालली, मग थांबली. तिसऱ्या तासाला एका मुलीने विचारलं, की देह चांगला असेल तर मग लाज वाटणं चूक की बरोबर? बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. लाज दोन तऱ्हेची असते, त्या म्हणाल्या. एक मोलाची वस्तू जपून ठेवतो तशी. कुणी आपल्याला नुसती वस्तू म्हणून बघू नये म्हणून ती आपल्याला झाकते. ती चांगली. दुसरी लाज म्हणजे आपण घाण आहोत असं समजून लपणं. ती देवाकडून आलेली नाही. मुलींनी रेघेसकट ते वहीत उतरवून घेतलं. आपण बरं समजावलं, असं बाईंना दिवसभर वाटत राहिलं.

घरी आई मशीनवर बसलेली असायची. आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि पन्नास वर्षं बायकांचे कपडे शिवत आली होती. पुढची खोली शिवणाची. खिडकीशी मशीन, भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा, आणि कोपऱ्यात दांडीवर जाड निळा पडदा, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघण्यासाठी. अख्ख्या वस्तीतल्या बायकांचे खांदे, कंबरा आणि पाठी आईला तोंडपाठ. कुणाचा डावा खांदा उतरता, कुणाच्या पाठीला बाक, कुणाला दिवस गेलेत आणि अजून सासूला सांगितलेलं नाही, हे आईला मापाच्या पट्टीवरून कळायचं. चर्चमध्येसुद्धा प्रवचन चालू असताना ती पुढच्या रांगेतल्या पाठी बघत बसायची आणि बाहेर आल्यावर लेकीच्या कानात सांगायची, "ती वाळली गं. घरात काहीतरी बिनसलंय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

सगळ्यांची अंगं अशी जाणणाऱ्या आईने स्वतःचं अंग मात्र कुणाला कधी दिसू दिलं नाही. कोपराच्या वरचा आईचा हात बाईंनी जन्मात पाहिलेला नव्हता. आई आतल्या खोलीची कडी लावून कपडे बदलायची, स्वतःचे आतले कपडे स्वतः धुवायची आणि उशीच्या अभ्र्याखाली झाकून वाळत घालायची. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आई ती तशीच.

त्या वर्षी आई घेतलेली कामं परत करू लागली. वय झालं, म्हणायची. डावा हात वर जाईना, मशीनचं चाक फिरवताना ओठ घट्ट मिटायची. मग एका शनिवारी तिला ताप भरला आणि ती पडून राहिली, म्हणून बाईंनी तिच्या कपड्यांची बादली उचलली. आई अंथरुणातून म्हणाली, राहू दे, मी धुते उद्या. बाईंनी ऐकलं नाही.

बादलीच्या तळाशी एक आतला कपडा होता, आईने स्वतः शिवलेला. डाव्या बाजूला दुहेरी अस्तर लावून त्याचा कप्पा केला होता. कप्प्यात कापसाची घडी, आणि ती आरपार पिवळी-तांबडी भिजलेली. वास आला तेव्हा बाईंनी तो कपडा हातातून सोडला आणि मग पुन्हा उचलला. शिवण फार सुबक होती. टाके बारीक, एकसारखे, कडा आतून दुमडून घेतलेल्या, म्हणजे कातडीला टोचू नयेत. खाली तसे आणखी तीन होते. पहिल्याचा कप्पा बेताचा, नंतरचे एकापेक्षा एक मोठे. एक-दोन महिन्यांचं हे काम नव्हतं.

बाई तशाच ओल्या हातांनी आत गेल्या आणि काय आहे ते विचारलं. आईने भिंतीकडे तोंड केलं.

"जुनं आहे ते," ती म्हणाली. "बरं होईल म्हणून थांबले होते."

इस्पितळात जायला आई दोन दिवस तयार होईना. शेवटी डॉक्टर बाईच आहे असं शपथेवर सांगितलं तेव्हा निघाली. तपासणीच्या खोलीत बाई पाठोपाठ जाऊ लागल्या, तर आईने हाताने अडवलं. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर बायकांनी आपली छाती महिन्यातून एकदा कशी तपासावी याचं चित्र लावलं होतं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. हेच चित्र त्यांनी मागच्या वर्षी दहावीच्या वर्गात लावलं होतं.

पुढच्या तपासण्या आठवडाभर चालल्या. मग डॉक्टरीणबाईंनी बाईंना एकट्यांनाच बोलावून सांगितलं, की गाठ फुटून जखम झालीय ती वेगळीच, पण आजार हाडांत आणि यकृतात पोचलाय. आता कापण्यात अर्थ नाही. दुखणं कमी करता येईल, जखम स्वच्छ ठेवता येईल. दीड वर्षापूर्वी आल्या असत्या तर गोष्ट निराळी होती, असं त्या म्हणाल्या. बाईंनी विचारलं, मी काय करू? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जवळ राहा.

पण जवळ राहणं आईला चालत नव्हतं. आतल्या खोलीपर्यंत चालतानाही दम लागतो म्हणून तिची खाट पुढच्याच खोलीत, निळ्या पडद्यामागे टाकली. रोज दुपारी एक नर्स यायची, पंचविशीतली, रुंद हातांची, सतत काहीतरी चघळणारी. ती आली की आई लेकीला म्हणायची, तू जा बाहेर. पडदा ओढला जायचा. बाईंनी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, ती कशासाठी तेच त्यांना कळेना. पडद्याच्या अलीकडे मशीनजवळच्या स्टुलावर बसून त्या टॉवेल धरायच्या, गरम पाण्याचं भांडं धरायच्या आणि पलीकडून हात आला की ते द्यायच्या. आतून नर्सचं बोलणं ऐकू यायचं आणि कधी कधी, खोटं नाही, आईचं हसणंसुद्धा. नर्सच्या युनिफॉर्मची बाही चुकीची बसवलीय, असं आई तिला सांगत होती.

एका दुपारी नर्स निघून गेल्यावर बाईंना राहवलं नाही. पडद्याच्या आत जाऊन त्या खाटेच्या कडेला बसल्या. जखम मी पुसत जाईन, त्या म्हणाल्या. मला शिकवलं की येईल. त्या पोरीला पंधरा घरं फिरायची असतात, उशीर होतो, तू ओल्यात पडून राहतेस. आई नुसती नाही म्हणून मान हलवत राहिली.

"आई, मी काय परकी आहे?"

"परकी असतीस तर दाखवलं असतं," आई म्हणाली.

 आईने पांघरुणातून उजवा हात काढला आणि लेकीच्या मनगटावर ठेवला.

"तू मला बघतेस तेव्हा आई बघतेस. ते एकदा बघितलंस की पुढे तुला तेच दिसत राहील. मी गेल्यावरसुद्धा."

"नाही दिसणार."

"मी पन्नास वर्षं अंगं बघितलीत, बये. मला नको शिकवू."

बाई बाहेर येऊन स्टुलावर बसल्या. वर्गात फळ्यावर ओढलेली रेघ त्यांना आठवली. आईची ही लाज रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायची, ते त्यांना ठरवता येईना. जी दीड वर्ष गाठ लपवून आईच्या जिवावर उठली ती हीच, आणि आता लेकीच्या डोळ्यांत आई आईच राहावी म्हणून धडपडणारीही हीच. पहिलीवर त्यांना संतापायचं होतं. पण दुसरीला धक्का न लावता ते कसं जमवायचं, हे पुस्तकाच्या कुठल्याच पानावर नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फादर आले. त्यांनी आजाऱ्यांची प्रार्थना म्हटली आणि पवित्र तेल आधी आईच्या कपाळाला, मग तळहातांना लावलं. आईने दोन्ही हात पुढे केले, अगदी सहज, माप द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखे. बोटांची टोकं सुयांनी खरखरीत झाली होती. फादर गेल्यावर बाईंनी ते हात आपल्या हातात घेतले आणि आईने घेऊ दिले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बाई तिच्या हातांना तेल चोळायच्या, बोटं एकेक करून, मनगटापर्यंत. मनगटाच्या वर आईची बाही असायची. बाईंनी ती कधी सरकवली नाही.

आई गेली ती एका गुरुवारी दुपारी. नर्स आत होती, पडदा ओढलेला होता आणि बाई नेहमीसारख्या टॉवेल धरून बसल्या होत्या. आत नर्सचं बोलणं चालू होतं. मग ते मध्येच थांबलं. मग तिने आईला हाक मारली, एकदा, पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. बाई उठून उभ्या राहिल्या. पडदा हातभर अंतरावर होता.

"बाई, आत या," नर्स म्हणाली.

बाईंचा हात पडद्याला लागला आणि तिथेच राहिला.

"अंग झाकलंय का तिचं?" त्यांनी विचारलं.

 आत कापड सरकल्याचं ऐकू आलं, आणि नर्स म्हणाली, झाकलंय. तेव्हा बाई आत गेल्या. तोवर सगळं संपलं होतं.

आईला अंघोळ घालून तयार करायचं काम नर्सने आणि खालच्या मजल्यावरच्या मावशींनी केलं. नर्सने विचारलं होतं, तुम्ही येता का? लेकीने करावं असं बहुतेकांना वाटतं. बाई नको म्हणाल्या. त्या मशीनजवळ उभ्या राहिल्या आणि आतून येणारे पाण्याचे आवाज ऐकत राहिल्या. आपण आईचं ऐकतोय की घाबरतोय, हे त्यांना त्या वेळी कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. दफनाच्या वेळी फादर म्हणाले, हा देह पुन्हा उठेल. बाईंचा त्यावर विश्वास होता. पण तो देह आठवायला जावं तर त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त दोन हात आणि एक चेहरा यायचा.

आठ दिवसांनी त्या शाळेत गेल्या आणि सिस्टरांना म्हणाल्या, हा तास दुसऱ्या कुणाला द्या. सिस्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. दुसरं कुणी नाही हो, त्या म्हणाल्या, आणि सिस्टरांचेच डोळे भरून आले. तेव्हा बाईच उठल्या आणि वर्गात गेल्या.

पुस्तक त्यांनी उघडलंच नाही. आईला काय झालं होतं आणि आई कडी लावून कपडे बदलायची म्हणून ते किती उशिरा कळलं, हे मुलींना सांगितलं. गाठ कशी ओळखायची, ती दुखत नाही म्हणून फसायचं कसं नाही, हेही सांगितलं, कुणाकडे न बघता, बेडकाचे अवयव सांगतात त्या आवाजात. कपड्यातल्या कप्प्याबद्दल बोलल्या नाहीत. ते आईचं होतं. कुणी हसलं नाही.

घंटा झाल्यावर वर्ग रिकामा झाला, पण तिसऱ्या बाकावरची, वर्षभरात कधी तोंड न उघडलेली एक मुलगी मागे राहिली. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, माझी आईपण कडी लावूनच कपडे बदलते. तिला काही झालं तर मला कळणार कसं?

तिला विचार, बाई म्हणाल्या.

"विचारलं तर सांगेल?"

बाईंना खोटं बोलवेना. "माहीत नाही गं मला," त्या म्हणाल्या. "पण विचार."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी तास सुरू व्हायच्या आधीच टेबलापाशी येऊन उभी राहिली. विचारलं, ती म्हणाली. मग आई काय म्हणाली, बाईंनी विचारलं. आई म्हणाली, शाळेत हल्ली हेच शिकवतात का? आणि कणीक मळायला लागली.

 मुलगी वाट बघत होती. मागे बाकी मुली आत येऊन बाक सरकवत होत्या, कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली होती. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, जागेवर बस म्हणाल्या आणि हजेरीचं पुस्तक उघडलं.