खुणांची वाट

पहिला घाव मी लिहून ठेवला. 'सात त्रेचाळीस. फावडं, डोक्यावर, डावीकडून. मारणारा माझा भाऊ.' त्याच्या वरच्या ओळीत सात चाळीसची नोंद होती: नर अंड्यांवर बसला, मादी उडाली. दोन्ही ओळींचं अक्षर सारखंच होतं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी खाडीकाठच्या खाजणावर स्वयंसेवक म्हणून जाते. भरतीचं पाणी पुन्हा आत यावं म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही जुन्या बांधाला खिंडार पाडलं, रीतसर परवानगी काढून. पाणी आलं, गाळ बसला, हाताने लावलेली खाऱ्या पाण्यातली रोपं जगली आणि त्यांच्यात शेकाटे घरटी करू लागले. हे लांब लाल पायांचे पक्षी अंडी उघड्या जमिनीवर घालतात. अंडं कुठलं आणि चिखलाचा गोळा कुठला, हे जवळ जाऊनही कळत नाही. म्हणून विणीच्या दिवसांत आमचा एकच कडक नियम: काठ्या रोवून आखलेल्या वाटेबाहेर पाय टाकायचा नाही. काहीही झालं तरी.

नियम बगळाकाकांचा. निवृत्त पोस्टमन, काटकुळे पाय, गुडघाभर पाण्यात तासन् तास उभे. नावाचा त्यांना राग नव्हता. "बगळा निदान मासा तरी पकडतो," म्हणायचे. "मी नुसताच उभा."

दादाची रोपवाटिका बांधाला लागून आहे. खारं पाणी त्याच्या विहिरीत उतरलं आणि दोन हंगामांची कलमं जळाली. हे खरं होतं. पाण्यातला क्षार मीच मोजला होता आणि आकडा त्याच्या बाजूचा होता. त्या सकाळी तो दोन मजूर आणि मातीची पोती घेऊन खिंडार बुजवायला आला. काका खिंडारात जाऊन उभे राहिले.

मी गवताच्या आडोशात, तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. दुर्बिणीत माणूस हाताच्या अंतरावर दिसतो, पण त्याचा आवाज येत नाही. काका काहीतरी बोलले आणि स्वतःच हसले. फावडं वर गेलं.

मी लिहिलं. मग धावले.

सरळ रेषेत दीडशे पावलं होती. खुणांच्या वाटेने चारशे. मी खुणांच्या वाटेने धावले. विचार केला नाही, पाय आपोआप तिकडे वळले.

पहिल्या वळणावर दुसरा घाव बसला. काका गुडघ्यांवर होते, हात डोक्यावर धरलेले. घाव हातांवर पडला आणि हात खाली आले. दुसऱ्या वळणावर तिसरा बसला, फावड्याच्या धारेने, तोंडावर. मजूर पोती टाकून पळाले. मी पोचले तेव्हा दादा फावड्यावर रेलून धापा टाकत होता. भरती चढत होती, त्यामुळे रक्त समुद्राकडे न जाता आत, रोपांकडे वाहत होतं. काकांचा जबडा हातात धरल्यावर त्याचे दोन तुकडे वेगवेगळे हलले.

काका वाचले. डावा डोळा गेला आणि त्या सकाळचं काहीच त्यांना आठवेना. दगडांवरून घसरून पडले, असं दादाने पोलिसांना सांगितलं. मजुरांनीही तेच सांगितलं. मी पक्षी बघत होते, एवढंच मी बोलले आणि ते खोटं नव्हतं. सविस्तर जबाबासाठी मला शुक्रवारी बोलावलं.

गुरुवारी दुपारी दादा घरी आला. आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती.

"वही दे," तो म्हणाला.

"कुठली?"

"शास्त्रज्ञबाई, मला वेड्यात काढू नका. पक्षी शिंकला तरी तू लिहितेस."

"देऊन टाक गं," आई म्हणाली. "कागदच तर आहे."

"पेन्सिलीने लिहिलंय ना?" दादा म्हणाला. " मग खोड."

"आम्ही खोडत नाही. चुकलं तर एक रेघ मारतो. खालचं वाचता आलं पाहिजे."

तो हसला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा त्याने माझा उजवा हात धरला आणि पहिलं बोट मागे वाकवायला लागला. सावकाश. ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. त्याने पुन्हा विचारलं. मग मधलं बोट.

आईची सुरी थांबली. "अरे, हळू," ती म्हणाली.

मी डाव्या हाताने कपाट दाखवलं. त्याने पान शोधलं, फाडलं, शेगडी पेटवून जाळलं आणि राख बोटाने मोरीत लोटली.

"पान गेलं त्यात तुझंही भलंच झालं," तो म्हणाला. "तू वळसा घालून आलीस. पहिल्या फटक्यानंतर मी तुझ्याकडेच बघत होतो. सरळ आली असतीस तर थांबलो असतो."

"खरंच?"

"काय माहीत," तो म्हणाला आणि हात धुऊन गेला.

शुक्रवारी सकाळी, बोटांना पट्ट्या बांधलेल्या, मी आडोशात जाऊन बसले. घरट्यातली चारही अंडी फुटून पिल्लं बाहेर आली होती. मी मोजत असतानाच कावळ्याने एक पिल्लू उचललं, काठीवर बसून पायाखाली दाबलं आणि आधी त्याचं पोट उघडलं. आईबाप ओरडत त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिले. मी वेळ लिहिली.

मग नवं पान घेतलं. उशिरा केलेल्या नोंदीचाही नियम आहे: आजची तारीख घालायची आणि आठवणीतून लिहितोय हे कबूल करायचं. डाव्या हाताने अक्षर वाकडं येत होतं. तिन्ही घाव लिहिले, मजूर लिहिले, माझी दोन बोटं लिहिली. शेवटी लिहिलं: 'निरीक्षक खुणांच्या वाटेने गेली. सरळ रेषेत दीडशे पावलं होती. दुसरा आणि तिसरा घाव त्या वेळात बसले.' खाली सही केली.

ठाण्यात हवालदाराने पान दोनदा वाचलं. "बाई, हे शेवटचं कशाला? उद्या तुमच्या भावाचा वकील तुम्हालाच यावरून धरेल. गाळू का?"

"गाळायचं असेल तर एक रेघ मारा," मी म्हटलं. "खालचं वाचता आलं पाहिजे."

त्याने पेन उचललं, माझ्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि आहे तसं उतरवून घ्यायला लागला.