चंद्राची बातमी आणि माझा गेलेला आवाज

रंग माझ्यात मुळीच नाहीत, मित्रांनो. मी लाकडी पेटीतला एक जुना, काळा-पांढरा टेलिव्हिजन आहे. चार बुटके पाय, समोर फुगीर काच आणि उजवीकडे कट-कट वाजणारे चॅनेलचे बटण, असे माझे रूप. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. हसत-गप्पा मारत काम करणाऱ्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या, दिव्यांसारखे तापून उजळणारे काचेचे व्हॉल्व्ह बसवले आणि पाठीला पुठ्ठ्याचे झाकण लावले. पहिल्यांदा माझ्या काचेवर चित्र उमटले तेव्हा त्यातल्या एकीने टाळी वाजवली होती. ती माझी पहिली शाबासकी!

पुढे मी विंडसरला आलो. या गावाची मजा अशी, की गाव कॅनडात आणि नदीपलीकडे दिसते ते डेट्रॉइट अमेरिकेत. माणसांना पलीकडे जायला पूल नाहीतर बोगदा लागे. मला काहीच लागत नसे. छपरावरच्या अँटेनातून अमेरिकेच्या बातम्या, गाणी, खेळ, साबणाच्या जाहिराती, सगळे थेट माझ्या पोटात येई.

१९६८ साली एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून एफ्राइम मला घरी घेऊन गेला. तो मोटारींच्या कारखान्यात साचे बनवायचा. बायको शोशना, नऊ वर्षांची मुलगी सिपोरा आणि म्हातारे वडील सोलोमन, एवढेच त्याचे घर. ते मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी यहुदी. सोलोमनबाबा त्याच वसंतात कॅनडाला आले होते. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. एफ्राइम कामावर, शोशना शिवणाच्या कारखान्यात, सिपोरा शाळेत. दिवसभर बाबा आणि मी, दोघेच!

काय साल होते ते, मित्रांनो! मला क्षणाची उसंत नव्हती. कधी युद्ध, कधी गोळी झाडून मारलेला नेता, कधी रस्त्यावर जाळपोळ. ते दाखवताना माझी काच मलाच जड वाटे. बाबा टक लावून बघत आणि संध्याकाळी नातीला विचारत, "सिपोरा, ही माणसं रोज भांडतात का गं?"

सिपोरा म्हणे, "नॉट एव्हरी डे, आजोबा. कधीकधी बेसबॉल पण असतं."

ऑक्टोबरात खरेच बेसबॉल आले! डेट्रॉइटचा संघ हरता हरता उठला आणि शेवटच्या सामन्यात जिंकला. नदीच्या दोन्ही काठांवर मोटारींचे भोंगे वाजू लागले. सिपोरा सोफ्यावर उड्या मारत होती. बाबांनीही टाळ्या वाजवल्या. पण दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा गप्प झाले. बर्फ पडू लागला, तसे त्यांचे अंगणात जाणेही थांबले. डिसेंबरात एकदा जेवताना ते म्हणाले, "एफ्राइम, मला परत पाठव. इथं मी माणसात असून नसल्यासारखा आहे."

शोशना डोळे पुसत उठली. जानेवारीत तिकीट काढायचे ठरले. मला फार वाईट वाटले, कारण माझ्यासमोर त्यांच्याइतके मन लावून कोणीच बसत नसे.

आणि मग ती बातमी आली! तीन माणसे यानात बसून चंद्राकडे निघणार, त्याला फेऱ्या घालणार आणि परत येणार! सिपोराने ते मराठीत सांगितले तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसले.

"चंद्राला वळसा? थट्टा करतेस होय माझी?"

"नो, आजोबा! रिअली!"

बाबांचे चंद्राशी जुने नाते होते. त्यांचे सणवार चंद्रावरून ठरत. नवी कोर दिसली की ते डोक्यावर टोपी ठेवून प्रार्थना म्हणत. यान उडाले तो नेमका शनिवार, म्हणजे शाब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी शोशना मला हात लावू देत नसे. माझ्या पोटातून एवढे मोठे यान उडायचे आणि मी बंद! संध्याकाळी आकाशात तारे दिसून शाब्बाथ संपताच सिपोरा धावत आली आणि तिने मला लावले. सकाळचे उड्डाण पुन्हा दाखवत होते. ज्वाळा ओकत यान वर चढताना दिसले तसे बाबा उभेच राहिले.

"अगं शोशना, गेले की गं ते!"

तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. चोवीस तारखेला रात्रीच्या जेवणानंतर ते तिघे थेट चंद्राजवळून बोलणार होते. आणि मित्रांनो, त्याच दुपारी माझा घात झाला. पोटात काहीतरी चटकन वाजले आणि माझा आवाज गेला. चित्र छान, माणसे ओठ हलवताहेत, पण शब्द नाही! घरात रेडिओ नव्हता. सगळी भिस्त माझ्यावर होती.

"राहू दे," बाबा हळूच म्हणाले. "माझ्या नशिबात नाही."

शोशनाने कोट चढवला. "नशीब-बिशीब काही नाही, बाबा. चला माझ्याबरोबर."

तिने माझ्या पाठीचे झाकण उघडले, सगळे व्हॉल्व्ह मफलरमध्ये गुंडाळले आणि बाबांचा हात धरून बर्फातून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली. तेव्हा अशा दुकानांत व्हॉल्व्ह तपासायचे यंत्र असे. जळालेला व्हॉल्व्ह सापडला, पण तसा दुसरा दुकानात शिल्लक नव्हता. नाताळची सुट्टी म्हणून बाकीची दुकाने बंद झालेली. दोघे परतले ते रिकाम्या हातांनी. शोशनाने उरलेले व्हॉल्व्ह जागच्या जागी बसवले. मी पुन्हा उजळलो, पण मुकाच.

एफ्राइम कामावरून आला तो आल्फ्रेडला घेऊनच. आल्फ्रेड त्याच्याच खात्यात होता. वसईचा, ख्रिस्ती. तो आणि त्याची बायको आन्ना नाताळचा फराळ द्यायला आले होते. सगळ्यांचे पडलेले चेहरे बघून आल्फ्रेडने विचारले, "झालं काय? कोणी गेलं का?"

"टीव्हीचा आवाज गेला," सिपोरा रडवेली होऊन म्हणाली. "अँड इट्स टुनाइट!"

आल्फ्रेड मोठ्याने हसला. "आमच्याचं उलटं आहे! पडद्यावर नुसत्या रेघा, पण आवाज असा खणखणीत, की शेजारी भिंत ठोकतात. एफ्राइम, चल, उचलून आणू!"

थोड्याच वेळात दोघांनी धापा टाकत एक टेलिव्हिजन आणला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. खरे सांगतो, मला अपमान वाटला. कालपर्यंत मी या घराचा राजा, आणि आज दुसऱ्याचे ओझे डोक्यावर! पण दोघांवर एकच चॅनेल लागले, त्याचा आवाज माझ्या चित्राशी जुळला आणि सगळे घर ओरडले, "लागला, लागला!" माझा राग कुठल्या कुठे पळाला.

मग माझ्या काचेवर चंद्र सरकू लागला. पांढुरका, खड्ड्याखड्ड्यांचा. वरच्या टेलिव्हिजनमधून खरखरता आवाज आला. अंतराळवीर काहीतरी वाचून दाखवू लागले.

बाबांनी विचारले, "काय म्हणतायत?"

सिपोरा कान देऊन ऐकत होती. एकदम तिचे डोळे मोठे झाले. "आजोबा! ते बायबल वाचतायत! आधी सगळा काळोख होता, पाणी होतं, आणि मग देव म्हणाला उजेड होऊ दे... इट्स अवर स्टोरी!"

बाबांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि तीच उत्पत्तीची गोष्ट, यहुद्यांच्या ग्रंथातलीही पहिलीच, हिब्रूत म्हणू लागले. लहानपणापासून पाठ होती ती. तिथे चंद्राजवळ इंग्रजी, इथे विंडसरमध्ये हिब्रू. आन्नाने डोक्यावर पदर घेतला आणि ती हलक्या आवाजात तेच मराठीत म्हणू लागली.

वाचन संपले तेव्हा बाबांचे गाल ओले होते. "चंद्रावरनं आमची गोष्ट वाचली रे, एफ्राइम!"

"आमची पण आहे ना ती, बाबा!" आल्फ्रेड म्हणाला, आणि सगळे हसले.

त्यानंतर बाबा बोलतच सुटले. अलिबागच्या किनाऱ्यावरची भरती, चंद्र बघून जाळी टाकणारे कोळी, त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा. सिपोरा त्यांच्या मांडीला टेकून प्रश्नावर प्रश्न विचारत होती. एफ्राइम शोशनाला म्हणाला, "हे तर मला पण कधी सांगितलं नव्हतं."

शुक्रवारी यान समुद्रात सुखरूप उतरले. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "तिकीट राहू दे. आता ही माणसं चंद्रावर उतरतील म्हणतात. ते बघितल्याशिवाय कसा जाऊ?"

माझा व्हॉल्व्ह नाताळनंतर मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना चंद्रावर उतरलेली माणसेही दाखवली, स्वतःच्या आवाजात! बाबा त्यानंतर सात वर्षे आमच्यात राहिले.

मग रंगीत टेलिव्हिजन आला आणि मी बेसमेंटमध्ये गेलो. माझ्यावर रंगाचे डबे आले, जुने बर्फाचे बूट आले. वर हशा ऐकू येई आणि मी धूळ खात बसे. १९८४ साली घर विकायचे ठरले तेव्हा एफ्राइमने मला कचऱ्याच्या गाडीसाठी बाहेर काढून ठेवले. पण सिपोरा आली होती. ती एव्हाना स्कारबरोच्या एका शाळेत शिक्षिका झाली होती. "नो वे, पप्पा," म्हणत तिने मला आपल्या गाडीत घातले.

आता मी तिच्या वर्गात आहे. पहिल्याच दिवशी तिने माझे बटण फिरवले आणि मुले भोवती जमली. काच काळीच राहिली. "इट्स डेड, मिस," एक मुलगा म्हणाला आणि वळून जाऊ लागला. सिपोराने त्याचा हात धरला. "वेट."

माझे व्हॉल्व्ह हळूहळू तापत होते. मी सगळी ताकद लावली. काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका उमटला, पसरला, थरथरला आणि चित्र झाले. मुलांनी केवढा गलका केला, मित्रांनो!

जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना उजळायला जरा वेळ लागतो. आमची धूळ पुसा, आणि पाठ फिरवण्याआधी थोडे थांबा. एवढेच मागणे आहे.