आसरांचा काठ

तळ्यात थुंकून तळ्यावरच परवानगी देणारा साहेब बघितलाय का कधी? निरगुडसरच्या पलीकडच्या एका वाडीनं बघितलाय.

त्या वाडीतल्या कुंडलिकला तळ्याच्या कडंला मंगल कार्यालय बांधायचं व्हतं. नियम असा का पाण्यापासनं लांब बांधायचं. मग मोजणीला साहेबाला बोलवायचं कवा? पावसाळ्यात? छ्या! कुंडलिक लई हुशार. त्यानं बोलावलं ऐन मे महिन्यात. तळं पार आटलेलं, मधी म्हशी बसण्यापुरती चिखलाची राबडी उरलेली.

साहेबानं आधी कोंबडीचा रस्सा वरपला. मग भेगाळलेल्या तळ्यात गुटख्याची पिचकारी मारली आन् टेप लावला थेट त्या राबडीपासनं.

"बसतंय नियमात," साहेब ढेकर देत म्हणाला. "संडासाची टाकी कुठं?"

"ही काय, हितंच," कुंडलिकनं पाय आपटून दाखवलं.

तिथंच शेंदूर फासलेले सात दगड व्हते. साहेब बुटानं एक सरकवाया गेला तसा कुंडलिक वरडला, "आवो साहेब! आसरा हायेत त्या, पाण्याच्या देवी! त्यांना हलवायचं न्हाई. टाईल्स लावून झकास देऊळ बांधतो त्यांना, टाकीच्या शेजारीच."

कुंडलिकची बायको नूतन चहा घेऊन आलेली. ती फिसकन हसली.

"दात काय काढती?" कुंडलिक खेकसला.

"अवो, आसरा कुठं बसत्यात?"

"पाण्याच्या काठाला. शेंबडं पोर बी सांगंल."

"मग काठ कुठं झाला?"

"वहिनी, सरकार देवाधर्मावर मोजत नाही," साहेब म्हणाला. "पाणी दिसतं तिथून मोजतं."

"देव नका धरू साहेब, पाणीच धरा. पण श्रावणात या. आमची पोर अक्षदा झाली त्या श्रावणात आसरांची वटी हितंच भरली मी. साडीचा काठ भिजला. आन् ह्ये घसरून नारळासकट पाण्यात! इचारा त्यांनाच."

"गप ए!"

"का गप? खालच्या विहिरीला पाझर ह्याच तळ्याचा. वाडी पिती ते पाणी. लग्नाच्या पावण्यांची घाण हितं मुरणार आन् आपल्या अक्षदाच्या तांब्यात येणार. देवीला टाईल्स आन् पोरीला ह्ये?"

कुंडलिकनं दगडांकडं बघितलं. मग त्या लाल पिचकारीकडं. साहेबाची न्हाई, सवताचीच शिसारी आली!

त्यानं टेपचं टोक उचललं आन् दगडांपाशी दाबून धरलं. "साहेब, हितनं मोजा."

"येडा झाला का? हातचं काम जाईल!"

"मोजा म्हणतो ना!"

टेप वर सरकत गेला तो पार कुंडलिकच्या कांदा साठवायच्या चाळीपाशी थांबला.

"चाळ पाड, न्हाईतर हॉल विसर," साहेब चिडून म्हणाला.

"चाळ पाडीन, न्हाईतर हॉल इसरीन. तळ्यात बांधणार न्हाई!"

साहेब चहा न पिताच निघाला. मागनं नूतन म्हणाली, "साहेब, जाताना त्या थुंकीवर माती तेवढी लोटा."

गाववाल्यांनो, आपल्याकडं बी ह्येच चाललंय. पाणी आटलं म्हणून तळ्यानं जागा सोडलेली नसती. देवाच्या भीतीनं दगड जपता, मग त्या दगडापुढचं पाणी कुणी जपायचं? मोजणीचा टेप मे महिन्यातल्या चिखलावर न्हाई, श्रावणातल्या काठावर धरा. ते जमत नसंल, तर टाकी बांधल्यावर खालच्या विहिरीचा पयला तांब्या सवता पिऊन दाखवा!